मान तुकवणे आणि मान्य करणे

पेढीवर बसणाऱ्या माणसाला सहीचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. कर्जरोखा असो, भागीदारीचा लेख असो की जमिनीचे खरेदीखत, कागदाच्या तळाशी सही अथवा अंगठा उमटला की व्यवहार पुरा झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु अनुभवी व्यापाऱ्याला याच्या पुढची एक गोष्टही ठाऊक असते. सही खरी असली तरी कागद टिकेलच असे नाही. ती सही कोणत्या परिस्थितीत झाली, करणाऱ्याला मजकूर वाचून दाखवला होता का, ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला होती का, हे प्रश्न न्यायालयात विचारले जातात. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर साक्षीदारांच्या सह्यांनी भरलेला, रीतसर मुद्रांकाचा दस्तही कुचकामी ठरतो.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्याची आरंभीची कलमे जवळजवळ तोंडपाठ करावी लागतात. दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाल्या म्हणजे संमती झाली, असे तेरावे कलम सांगते. चौदावे कलम त्या संमतीला अट घालते: ती मुक्त असली पाहिजे. धाकदपटशाने, अनुचित प्रभावाने किंवा फसवणुकीने मिळवलेली संमती मुक्त नव्हे. सोळाव्या कलमाची आजची शब्दरचना १८९९ च्या दुरुस्तीने आली. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवू शकेल अशा स्थितीत असेल आणि व्यवहार उघडउघड जाचक दिसत असेल, तर दडपण आणले नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या वरचढ पक्षावरच येते. कायद्याने स्वतः दिलेले उदाहरण गावच्या सावकाराचे आहे. आधीच त्याच्या कर्जात असलेल्या माणसाने त्याच्याकडूनच जाचक अटींवर नवे कर्ज घेतले, तर ‘मी दडपण आणले नाही’ हे सावकाराने दाखवून द्यायचे असते.

या कलमांचे मर्म साध्या मराठीत सांगता येते. मान तुकवणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. व्यवहारात हा भेद आपण सारेच जाणतो. मात्र हाच भेद एका गरीब मुलीच्या बाबतीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून निसटला, आणि तो दाखवून देण्यासाठी कायदा शिकवणाऱ्या चार अध्यापकांना पत्र लिहावे लागले. त्या पत्राची हकीकत आज चार दशकांनंतरही वाचण्याजोगी आहे.

घटना महाराष्ट्रातीलच आहे. देसाईगंज हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात येते. १९७२ मध्ये तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. तेथे आईवडिलांचे छत्र हरपलेली एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहत होती. दोघेही मोलमजुरी करीत. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. जेथे ती कामाला जाई, त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे मन जुळले. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली, आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना पोलीस ठाण्यात आणण्यात आले. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली, तेव्हा ठाण्यातील दोघा पोलिसांनी त्या मुलीला मागे थांबवले. भाऊ आणि इतर माणसे बाहेर ताटकळत राहिली. आतले दिवे मालवले गेले, दार बंद झाले. बाहेर आल्यावर आपल्यावर अत्याचार झाल्याचे तिने सांगितले.

त्या मुलीचे नाव पुढे देशभर झाले. ते येथे देण्याचे कारण नाही. अशा पीडितेचे नाव छापू नये, हा नियमच तिच्या खटल्यातून उभ्या राहिलेल्या कायद्याने घालून दिला. तिला स्वतःला मात्र त्याचे संरक्षण मिळाले नव्हते.

खटला सत्र न्यायालयात चालला. १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलीस निर्दोष सुटले. शरीरसंबंध घडला हे त्या न्यायालयाने मानले. पण मुलीच्या पूर्वीच्या संबंधांवर बोट ठेवून तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. हे पोलीस तिला परके होते, रात्रीच्या वेळी ती त्यांच्या ताब्यात होती. अशा स्थितीत भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाने म्हटले. एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जसवंत सिंग, न्या. पी. एस. कैलासम आणि न्या. ए. डी. कोशल यांच्या पीठाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही मुक्त केले. अंगावर इजेच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. प्रतिकार नाही, म्हणजे आरडाओरड केल्याचे तिचे म्हणणे खरे नाही. आणि भीतीचे म्हणावे तर कायद्याला अभिप्रेत असलेली मरणाची वा इजेची भीती सिद्ध झालेली नाही, असा त्या निकालाचा युक्तिवाद होता. कायद्याच्या अहवालांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असल्याने प्रकरण तेथे मिटले, असेच कोणालाही वाटले असते.

येथे कायद्याच्या अध्यापकाचे काम काय असते, ते समजून घेतले पाहिजे. वकील आपल्या पक्षकारासाठी निकाल वाचतो. न्यायाधीश समोरच्या खटल्यापुरता वाचतो. अध्यापक मात्र कोणाचाही पक्ष न घेता वाचतो, कारण त्याला तो निकाल उद्या वर्गात समजावून सांगायचा असतो. वस्तुस्थिती कोणती, प्रश्न कोणता, लागू केलेले तत्त्व कोणते आणि त्या तत्त्वापासून निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या पक्क्या आहेत का, हे तो तपासतो. लेखापरीक्षक खातेवही पाहतो तसे हे पाहणे असते. ताळेबंदाची बेरीज जुळली म्हणून तो समाधान मानत नाही. प्रत्येक नोंदीमागचे व्हाउचर मागतो.

या निकालाचे व्हाउचर चौघांनी मागितले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवीत होते. चौथ्या होत्या महाराष्ट्रातील कायदेपंडिता वसुधा धगमवार. लोतिका सरकार यांनी केंब्रिज विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळवली होती, आणि देशातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करून १९७४ मध्ये अहवाल सिद्ध करणाऱ्या समितीच्या त्या सदस्य होत्या. केळकर यांचे फौजदारी प्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक सुधारित आवृत्त्यांतून कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती पुढेही अनेक वर्षे राहिले. बक्षी यांचा सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाचा अभ्यास होता आणि पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चौघेही ग्रंथांत रमणारे. मोर्चे काढणे वा घोषणा देणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी, निकालाला एक वर्ष होऊन गेल्यावर, त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्या वेळी न्या. यशवंतराव चंद्रचूड हे सरन्यायाधीश होते. तरुणपणी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी स्वतःही काही वर्षे कायदा शिकवला होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चुकला असे अध्यापकांनी उघडपणे लिहिणे ही त्या काळी नित्याची गोष्ट नव्हती. न्यायालयाच्या अवमानाची धास्ती सुशिक्षितांनाही वाटत असे. वास्तविक १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट आहे: निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर न्याय्य टीका करणे हा अवमान नव्हे. पण कलम पुस्तकात असणे आणि त्याच्या भरवशावर कोणी पुढे येऊन लिहिणे, यांत अंतर असते.

पत्राची भाषा आदराची होती. मुद्दे मात्र नेमके होते. पहिला मुद्दा संमतीचा. संमतीत शरण जाणे असू शकते, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. आणि प्रतिकार न करणे हा काही संमतीचा पुरावा नव्हे. उच्च न्यायालयाने नेमका हाच भेद मांडला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो दूर सारला होता.

दुसरा मुद्दा परिस्थितीचा. मुलगी अल्पवयीन, गरीब आणि कायद्याच्या हक्कांविषयी अनभिज्ञ, वेळ रात्रीची, जागा पोलीस ठाण्याची, समोर सत्तेचे प्रतिनिधी असलेले दोन पोलीस. हे सारे वगळून केवळ अंगावरील खुणा मोजल्या तर सत्य कसे सापडावे, असा त्यांचा प्रश्न होता.

तिसरा मुद्दा मुळातील बेकायदेशीरपणाचा. स्त्रियांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन जबाब घ्यावा, असे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १६० वे कलम सांगत होते. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा ठाम पुनरुच्चार केला होता. मग पाच महिन्यांनी, रात्री ठाण्यात अडकवून ठेवलेल्या मुलीविषयीच्या निकालात त्याबद्दल निषेधाचा एक शब्दही नसावा? सत्पथी या माजी मुख्यमंत्री होत्या. ही मुलगी मजूर होती. कायद्याचे कलम दोघींसाठी एकच होते.

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक. मुलीचे पूर्वी कोणाशी संबंध होते, एवढ्यावरून कायद्याचे संरक्षण तिच्यावरून उठते काय? हा प्रश्न विचारून अध्यापकांनी केवळ एका निकालाला नव्हे, तर आपल्या साऱ्यांच्या मनातील एका जुन्या समजुतीला हात घातला. शेवटी त्यांनी विनंती केली की या प्रकरणाची सुनावणी अधिक मोठ्या पीठापुढे पुन्हा व्हावी.

निकाल बदलला नाही. ती मुलगी न्यायालयाच्या दृष्टीने अखेरपर्यंत हरलेलीच राहिली, हे विसरता येत नाही. परंतु पत्र वाचले गेले. त्याची चर्चा वृत्तपत्रांत आणि सभांत झाली. १९८० च्या आरंभी मुंबईत या प्रश्नासाठी स्त्रियांचा स्वतंत्र मंच उभा राहिला आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. सरकारने विषय विधी आयोगाकडे सोपवला. आयोगाने आपला ८४ वा अहवाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिला. ‘संमती’ या शब्दाऐवजी ‘मुक्त आणि स्वेच्छेची संमती’ असे म्हणावे, अशी सूचना त्यात होती. करार कायद्याची ओळख असणाऱ्याला हे शब्द परके वाटणार नाहीत.

विधेयक संसदेत आले, संयुक्त समितीकडे गेले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा दुरुस्त झाला. पोलीस ठाणे, तुरुंग, सुधारगृह, रुग्णालय अशा ठिकाणी आपल्या ताब्यातील वा देखरेखीखालील स्त्रीवर अधिकाराच्या जोरावर होणारा अत्याचार हा गंभीर स्वरूपाचा स्वतंत्र गुन्हा ठरला. किमान शिक्षा दहा वर्षांची झाली. सुनावणी बंद दाराआड करण्याचा आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध न करण्याचा नियम आला. पुरावा कायद्यात ‘११४ अ’ हे नवे कलम घातले गेले. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात शपथेवर सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरील. ती होती हे दाखवण्याचा भार आरोपीवर राहील.

आता हे कलम आणि करार कायद्याचे सोळावे कलम शेजारी ठेवून वाचावे. दोहोंमागचा विचार एकच आहे. ज्याच्या हाती हुकमत आहे, त्यानेच आपली बाजू स्वच्छ असल्याचे दाखवावे. सावकाराच्या वहीतील अंगठ्याला हे संरक्षण १८९९ च्या शब्दांत मिळाले. पोलीस ठाण्यातील मुलीला ते मिळायला १९८३ साल उजाडले. मधली ८४ वर्षे आपल्या कायद्याने मालमत्तेची जेवढी कदर केली तेवढी माणसाच्या देहाची केली नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला चूक कसे म्हणावे? विशेष म्हणजे भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ९० वे कलमही सांगत होते, आणि त्या संहितेत ‘क्षती’ या शब्दाच्या व्याख्येत देहाबरोबरच मन, लौकिक आणि मालमत्ता यांचीही हानी येत होती. साधन पेटीत होते. ते उचलणारा हात नव्हता.

सिद्धतेचा भार आरोपीवर टाकण्याची कल्पना अनेकांना खटकते, आणि ते स्वाभाविक आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मोलाचे आहे. खोट्या तक्रारीची धास्ती व्यापारी माणसाला इतरांहून थोडी अधिकच असते. म्हणूनच या कलमाची मर्यादा ध्यानात घ्यावी. १९८३ मध्ये ते सरसकट सर्व प्रकरणांना लावलेले नव्हते. अधिकाराच्या पदावरील माणसाने ताब्यातील स्त्रीवर केलेला अत्याचार, गर्भवतीवरील अत्याचार आणि सामूहिक अत्याचार अशा ठरावीक प्रकारांपुरतेच ते होते. शरीरसंबंध घडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावरच राहिली. शिवाय ते गृहीतक खोडून काढण्याची संधी आरोपीला आहे. सोळाव्या कलमाने प्रामाणिक सावकाराचा धंदा बुडाला नाही. त्याला हिशेब नीट ठेवावा लागला, इतकेच.

कायदा बदलला म्हणून सारे बदलले, असेही नव्हे. पीडितेच्या चारित्र्यावर उलटतपासणीत शिंतोडे उडवण्यास वाव देणारी पुरावा कायद्यातील तरतूद २००२ पर्यंत टिकून होती. संमती म्हणजे स्पष्ट, स्वेच्छेची कबुली. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे शब्द प्रत्यक्ष कायद्यात यायला २०१३ ची दुरुस्ती व्हावी लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही ते कायम आहेत. १९७९ मध्ये चार अध्यापकांनी मांडलेले वाक्य कायद्याच्या पुस्तकात उतरायला अशी चौतीस वर्षे लागली. विचाराची हुंडी वटायला कधी कधी इतका काळ जातो. पण ती खोटी नसेल तर वटते.

ते चौघे त्या एका पत्रावर थांबले नाहीत. आग्रा येथील स्त्रियांच्या शासकीय संरक्षणगृहातील अमानुष स्थितीविषयी बक्षी आणि लोतिका सरकार यांनी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. या वेळी न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि पुढे अनेक वर्षे त्या गृहाच्या सुधारणेवर लक्ष ठेवले. ज्या न्यायालयावर टीका केली त्याच न्यायालयाकडे ते पुन्हा विश्वासाने गेले, आणि न्यायालयानेही टीकाकाराचे पत्र बाजूला टाकले नाही. संस्थेवरची निष्ठा आणि संस्थेच्या चुकीवरची टीका एकत्र नांदू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. वसुधा धगमवार यांनी १९८५ मध्ये ‘मार्ग’ ही संस्था स्थापन केली आणि सामान्य स्त्रीपुरुषांपर्यंत कायद्याची माहिती सोप्या भाषेत पोहोचवण्याचे काम हाती घेतले. देसाईगंजच्या मुलीला रात्री ठाण्यात न थांबण्याचा हक्क होता. तो तिला कोणी सांगितलेला नव्हता. त्या कामाची निकड यावरून कळते.

कायद्याच्या शिक्षणातही या काळात पालट झाला. कलमे घोकून परीक्षा देण्याची रीत पुरेशी नाही, विद्यार्थ्याने निकालाची चिकित्सा करावी आणि शिकत असतानाच गरजूंच्या प्रश्नांना भिडावे, हा विचार बळावला. १९८७ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले. प्रा. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तेथील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने देशापुढे नवा नमुना ठेवला. त्याच वर्षी विधी सेवा प्राधिकरण कायदाही झाला. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. आपल्या दुकानातील हमालाच्या वा घरी येणाऱ्या मोलकरणीच्या घरातील माणूस अडचणीत सापडला, तर हा पत्ता त्यांना सांगणे हेही एक काम आहे, आणि त्याला एक पैसाही खर्च होत नाही.

आता थोडे घरात पाहावे. मान तुकवणे आणि मान्य करणे यांतील भेद पोलीस ठाण्यापुरता नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणीला माहेरी बोलावून, जेवणाच्या आधी वा नंतर, तयार हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. भाऊ प्रेमळ असतात, वहिनी ताट वाढत असतात, वकील घाईत असतो. कागदात काय आहे, हिश्शाची किंमत किती, हे बहुधा कोणी सांगत नाही आणि ती विचारत नाही. विचारले तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात असते. अनेक बहिणी मनापासून हक्क सोडतात, आणि त्यांच्या मनाच्या मोठेपणाला वंदनच केले पाहिजे. पण मनापासून सोडणे आणि सोडणे भाग पडणे यांतला फरक त्या कागदावर दिसत नाही. तो घरातल्यांनाच ठाऊक असतो.

तेव्हा काय करावे? मालमत्तेची यादी आणि अंदाजे किंमत बहिणीच्या हाती आधी द्यावी. कागद तिला समजेल अशा भाषेत असावा. तो घरी नेऊन पतीला, मुलाला वा स्वतःच्या वकिलाला दाखवण्यास पुरेसा अवधी द्यावा. ‘तू नाही म्हणालीस तरी या घराचे दार तुला उघडे आहे’ हे वाक्य भावाने तोंडाने उच्चारावे. एवढे केल्यावर तिने दिलेली सही ही खरी सही; ती न्यायालयातही टिकेल आणि नात्यातही. पेढीवरील वयस्क भागीदाराची निवृत्ती असो, नोकराने दिलेला राजीनामा असो की सुनेचा जामीनदार म्हणून घेतलेला अंगठा, कसोटी हीच लावावी.

व्यापारी घरांतून पूर्वी मुलगे वाणिज्य शाखेला जात आणि मुलींच्या शिक्षणाचा फारसा विचार होत नसे. आता मुलगी कायद्याला जायचे म्हणते, तेव्हा ‘कोर्टकचेरी आपले काम नव्हे’ असे म्हणणारे वडीलधारे आजही भेटतात. त्यांनी त्या चार अध्यापकांकडे पाहावे. त्यांना ना कोणी वकीलपत्र दिले होते, ना त्यांनी कोणाची फी घेतली होती. त्यांनी एक निकाल काळजीपूर्वक वाचला, त्यातील चूक नोंदली आणि ती सभ्य शब्दांत, स्वतःच्या सहीनिशी, योग्य ठिकाणी कळवली. प्रामाणिक हिशेबनीस चुकीची नोंद दिसल्यावर मालकाला हेच सांगतो. मालक मोठा आहे म्हणून तो गप्प बसत नाही.

देसाईगंजच्या त्या मुलीचे देणे मात्र कोणत्याच वहीत फिटलेले नाही. तिच्यानंतर आलेल्यांना जे मिळाले, ते तिच्या खात्यातून वजा झालेले आहे. ज्या घरात पुढच्या वेळी एखाद्या कागदावर कोणाची सही घेतली जाईल, तेथे सही करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले गेले, तर त्या देण्याचा एक लहानसा हप्ता तरी फिटेल.